स्ट्रेंज फ्रूट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांचा निषेध करणारे विख्यात इंग्रजी गीत. शब्द व मूळ चाल न्यूयॉर्कमधील एक शालेय शिक्षक एबल मीरोपोल (१९०३–८६) याची. बिली हॉलिडे (१९१५–५९) या जाझ गायिकेने १९३९ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले व पुढे आयुष्यभर गायिले. शीर्षकाचा सरळ अर्थ ‘विचित्र फळ’ असा आहे. झाडाला टांगलेल्या प्रेताला फळ कल्पून हे संपूर्ण गीत रचलेले आहे. विसाव्या शतकातील राजकीय निषेधगीतांत त्याचे स्थान अग्रगण्य मानले जाते. तथापि निषेधगीताची रूढ लक्षणे त्यात जवळजवळ आढळत नाहीत. त्यात घोषणा नाही, आवाहन नाही, समूहाने म्हणावयाचे ध्रुवपद नाही आणि भविष्याविषयीचे आश्वासनही नाही. असे असूनही ते प्रभावी का ठरले, हा या गीताच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी : एखाद्या आरोपीस, किंवा केवळ संशयितास, न्यायालयीन चौकशीविना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारास अमेरिकेत ‘लिंचिंग’ म्हणतात. यादवी युद्धानंतर (१८६१–६५) गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. परंतु १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यांतून संघराज्याचे सैन्य काढून घेतल्यावर तेथील गोऱ्या वर्गाने आपले वर्चस्व पुन्हा प्रस्थापित केले. मताधिकार, शिक्षण, निवास व प्रवास या सर्वच बाबतींत कृष्णवर्णीयांवर निर्बंध लादण्यात आले. या निर्बंधांमागे दहशतीचे बळ होते आणि झुंडहत्या हे त्या दहशतीचे सर्वांत उघड साधन होते. टस्कीगी इन्स्टिट्यूट या संस्थेने केलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात देशात एकूण ४,७४३ व्यक्ती अशा प्रकारे मारल्या गेल्या. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होत्या. गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचार हे या हत्यांचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाई. ते पुष्कळदा निव्वळ निमित्त असते, हे आयडा बी. वेल्स (१८६२–१९३१) या कृष्णवर्णीय महिला पत्रकाराने १८९२ मध्येच दाखवून दिले होते.

या हत्या गुपचूप होत नसत. अनेक ठिकाणी त्यांना जत्रेचे स्वरूप येई. लोक बायकामुलांसह पाहावयास येत, मृताच्या कपड्यांचे तुकडे स्मृतिचिन्हे म्हणून घरी नेत आणि स्थानिक छायाचित्रकार प्रसंगाची छायाचित्रे काढून विकत. ती टपाल-पत्रांवर छापून आप्तेष्टांना धाडण्याची प्रथाही होती. छायाचित्रांतील गोऱ्या प्रेक्षकांचे चेहरे निःसंकोच कॅमेऱ्याकडे पाहताना दिसतात. आपल्याला शिक्षा होणार नाही, अशी त्यांची खात्री त्यांतून प्रकट होते. गीताच्या अर्थाशी या वस्तुस्थितीचा निकटचा संबंध आहे.

निर्मिती : इंडियाना राज्यातील मॅरिअन या गावी ७ ऑगस्ट १९३० रोजी टॉमस शिप व एब्राम स्मिथ या दोघा कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने तुरुंगातून ओढून काढून ठार केले व झाडाला टांगले. त्यांच्यासमवेत पकडलेला जेम्स कॅमेरॉन हा सोळा वर्षांचा मुलगा मात्र वाचला (पुढे १९८८ मध्ये त्याने मिलवॉकी येथे कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांविषयीचे एक संग्रहालय स्थापन केले). या हत्यांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. लॉरेन्स बाइटलर या स्थानिक छायाचित्रकाराने त्या रात्री घेतलेल्या छायाचित्राच्या हजारो प्रती खपल्या. मीरोपोलने नियतकालिकात झुंडहत्येचे एक छायाचित्र पाहिले व त्या दृश्याने अनेक दिवस त्याचा पाठलाग केला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ते छायाचित्र बाइटलरचेच असावे, असे सामान्यतः मानतात.

मीरोपोल हा रशियातून आलेल्या ज्यू निर्वासितांचा मुलगा. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातील डी विट क्लिंटन विद्यालयात तो इंग्रजी शिकवीत असे. तो साम्यवादी विचारांचा होता व ‘लुइस ॲलन’ या टोपणनावाने लेखन करी. ही दोन्ही नावे त्याच्या जन्मतःच मृत झालेल्या दोन अपत्यांची होती. प्रस्तुत रचना प्रथम ‘बिटर फ्रूट’ (कडू फळ) या शीर्षकाने *न्यूयॉर्क टीचर* या शिक्षकसंघटनेच्या मासिकात जानेवारी १९३७ मध्ये कविता म्हणून प्रसिद्ध झाली. नंतर त्याने स्वतःच तिला चाल लावली. त्याची पत्नी ॲन आणि कृष्णवर्णीय गायिका लॉरा डंकन यांनी डाव्या पक्षांच्या व कामगारांच्या सभांतून ती गायिली. म्हणजे हॉलिडेच्या हाती येण्यापूर्वीच हे गीत चळवळीच्या वर्तुळात परिचित झालेले होते.

शीर्षकातील बदल लहान दिसला, तरी अर्थाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. ‘कडू’ या विशेषणाने कवीचा अभिप्राय आधीच सांगितला जातो. ‘विचित्र’ हे विशेषण अभिप्राय रोखून धरते व श्रोत्याच्या मनात कुतूहल जागे करते. फळ विचित्र म्हणजे कसे, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत श्रोता गीताच्या आत शिरलेला असतो आणि मग त्याला मागे फिरता येत नाही.

काव्यार्थ : गीत अवघ्या बारा ओळींचे आहे. चार ओळींची तीन कडवी आणि दोन-दोन ओळींना साधणारी यमके, अशी त्याची रचना असून ती जुन्या इंग्रजी निसर्गगीतांसारखी सोपी आहे. पहिल्या कडव्यात झाडे, पाने, मुळे, वारा यांचे वर्णन येते आणि त्या वर्णनाच्या ओघातच फळ म्हणजे काय याचा उलगडा होतो. दुसऱ्या कडव्यात दक्षिणेच्या रम्य ग्रामीण सौंदर्याचा व तेथील वीरवृत्तीचा औपरोधिक उल्लेख करून त्यालगतच मृताचा विद्रूप झालेला चेहरा आणि मॅग्नोलिया फुलांच्या सुगंधात अकस्मात मिसळलेला जळक्या मांसाचा दर्प मांडला आहे. तिसऱ्या कडव्यात हे फळ कावळे, पाऊस, वारा, ऊन यांच्या स्वाधीन होते आणि अखेर पिकाच्या उपमेवर गीत संपते.

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर शृंगाराच्या उद्दीपन-विभावांत शोभणारी सामग्री येथे बीभत्स व भयानक या रसांसाठी योजिलेली आहे. मंद वारा, फुलांचा सुवास व फळांनी लवलेली झाडे हे रतिभावाचे परंपरागत साहाय्यक होत. शब्दकळा एका रसाची व आशय दुसऱ्या रसाचा, असा हा विरोध आहे. रसशास्त्राने ज्यास रसविरोधाचा दोष म्हटले, तोच येथे गुण ठरला आहे. कारण कवीला तो विरोध काव्यात निर्माण करावयाचा नसून समाजात आहे तसा दाखवावयाचा आहे. दक्षिणेच्या गोऱ्या समाजाने स्वतःची प्रतिमा सुगंधी बागा, आदबशीर पुरुष व निवांत मळे यांनी सजविली होती. मॅग्नोलिया हे मिसिसिपी व लुइझिॲना या राज्यांचे राज्यपुष्प आहे. मार्गारेट मिचेलची *गॉन विथ द विंड* ही कादंबरी १९३६ मध्ये आणि तिच्यावरील चित्रपट १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिणेच्या जुन्या वैभवाविषयी हळहळ निर्माण करणारा तो चित्रपट आणि हॉलिडेची ही ध्वनिमुद्रिका एकाच वर्षातील असावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे. मीरोपोलने दक्षिणेची ती प्रतिमा खोडून काढली नाही. त्याने ती जशीच्या तशी उचलली व तिच्या झाडाला काय लागते तेवढे दाखविले.

गीतातील मौनाची योजना तितकीच लक्षणीय आहे. त्यात ‘मी’ नाही व ‘आम्ही’ही नाही. मारणारा जमाव नाही, दोर नाही, ठार करण्याची क्रिया दर्शविणारे एकही क्रियापद नाही. फळ झाडाला आपोआप लागावे, तसे प्रेत झाडाला ‘लागलेले’ आहे. कर्त्याचा असा लोप करण्यात गुन्हेगारांची सुटका होते, असा आक्षेप घेता येईल. परंतु वास्तवातही या हत्यांचे शवपरीक्षा-अहवाल ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू’ अशाच शब्दांत लिहिले जात. ते गुन्हेगार अज्ञात नसून गावातील सर्वांना ठाऊक असत. अधिकृत भाषेतील ते खोटे मौन गीताने आपल्या व्याकरणात उतरविले आहे. शिवाय झाड आपल्या जातीचेच फळ देते. हे फळ लागण्यास मुळापासूनची जमीन कारणीभूत आहे, असे रूपकच सांगते. दोषारोप काही व्यक्तींवर नसून संपूर्ण समाजव्यवस्थेवर आहे, हा निष्कर्ष कोणतेही विधान न करता श्रोत्यापर्यंत पोहोचतो. फळ, पीक व सुगी ही शब्दमालिका कापसाच्या मळ्यांवर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेचीही आठवण करून देते.

एका बाबतीत मात्र रूपक वस्तुस्थितीपासून दूर जाते. मॅरिअन हे गाव दक्षिणेत नाही. इंडियाना हे उत्तरेकडील राज्य असून यादवी युद्धात ते गुलामगिरीविरोधी संघराज्याच्या बाजूने लढले होते. बाइटलरच्या छायाचित्रावरून गीत सुचले असेल, तर कवीने उत्तरेतील घटना दक्षिणेत नेली, असे म्हणावे लागते. बहुसंख्य झुंडहत्या दक्षिणेतच झाल्या, हे खरे असल्याने काव्यसत्य म्हणून हा बदल समर्थनीय आहे. परंतु त्यामुळे न्यूयॉर्कच्या श्रोत्याला हे पाप दुसऱ्या प्रदेशातील म्हणून स्वतःपासून दूर ठेवणे सोपे झाले. गीताच्या तीव्र आशयात राहिलेली ही एक पळवाट होय.

सादरीकरण व ध्वनिमुद्रण : बार्नी जोसेफसन याने डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात ‘कॅफे सोसायटी’ नावाचा नाइट क्लब सुरू केला. कलावंत व प्रेक्षक या दोघांतही वर्णभेद न पाळणारा न्यूयॉर्कमधील हा पहिला नाइट क्लब म्हणून ओळखला जातो. हॉलिडे तेथे गात असताना १९३९ च्या प्रारंभी मीरोपोलने हे गीत तिला ऐकविले. जोसेफसनने सादरीकरणाचे काही नियम ठरविले. हे गीत कार्यक्रमाच्या शेवटीच गावयाचे. त्यापूर्वी वाढप्यांनी खाद्यपेये देणे थांबवावयाचे. सर्व दिवे मालवून केवळ गायिकेच्या चेहऱ्यावर एक लहानसा प्रकाशझोत टाकावयाचा. गीत संपताच पूर्ण काळोख करावयाचा आणि श्रोत्यांनी कितीही टाळ्या वाजविल्या, तरी तिने पुन्हा रंगमंचावर यावयाचे नाही. करमणुकीच्या जागेचे अशा रीतीने काही मिनिटांपुरते शोकस्थळात रूपांतर होत असे.

हॉलिडेचा करार असलेल्या कोलंबिया कंपनीने गीत ध्वनिमुद्रित करण्यास नकार दिला. दक्षिणेतील विक्रेते व नभोवाणी केंद्रे बिथरतील, अशी तिला धास्ती होती. मात्र एका सत्रापुरती अन्यत्र गाण्याची सवलत कंपनीने दिली. मिल्ट गॅब्लर याच्या ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीने २० एप्रिल १९३९ रोजी ध्वनिमुद्रण केले. साथीला कॅफे सोसायटीतील फ्रँकी न्यूटनचा वाद्यवृंद व पियानोवर सनी व्हाइट हे होते. गीत फार लहान असल्याने आरंभी वाद्यसंगीताची जोड देण्यात आली. हॉलिडेचा आवाज सुमारे ७० सेकंदांनंतर प्रथम ऐकू येतो. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ‘फाइन अँड मेलो’ हे तिचे प्रेमविषयक गीत होते. सार्वजनिक ठिकाणच्या स्वयंचलित ग्रामोफोनांवर ते लोकप्रिय झाले व त्यामुळे निषेधगीताचाही खप वाढला. अनेक नभोवाणी केंद्रांनी ‘स्ट्रेंज फ्रूट’ प्रक्षेपित करण्याचे टाळले.

गायकीच्या दृष्टीने या ध्वनिमुद्रिकेचे मर्म संयमात आहे. चाल मंद लयीची व करुण वळणाची असून तिच्यात जाझमधील नेहमीचा झुलता ताल नाही. हॉलिडेच्या आवाजाचा पल्ला मर्यादित होता. शब्दोच्चार व शब्दांतील विराम हे तिचे खरे सामर्थ्य होते. ती स्वर चढवीत नाही, आक्रोश करीत नाही. निसर्गवर्णनाचे शब्द ती जणू तटस्थपणे उच्चारते आणि दर्शनाचा आघात झाल्यावरही आवाज तसाच ठेवते. केवळ अखेरच्या शब्दावर स्वर वर ओढला जातो व विसावा न घेता अधांतरी राहतो. कवितेत जे भाष्य नाही, ते गायनातही घातलेले नाही. पेलण्याचा सर्व भार अशा प्रकारे श्रोत्यावर सोपविलेला आहे.

कर्तृत्वाचा वाद : *लेडी सिंग्ज द ब्लूज* (१९५६) या आत्मचरित्रात आपण व सनी व्हाइट यांनी मिळून या कवितेला चाल लावली, असे हॉलिडेने सुचविले आहे. मीरोपोलने त्याला हरकत घेतली. ती न्याय्य होती, कारण गीत त्यापूर्वीच सभांतून गायिले गेले होते. उलट बाजूने जोसेफसन व इतर काहींनी हॉलिडेला प्रथम गीताचा अर्थच उमगला नव्हता, असे लिहून ठेवले आहे. या आठवणींत एका अल्पशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रीविषयीचा पूर्वग्रह डोकावतो. अँजेला डेव्हिस हिने *ब्लूज लेगसीज अँड ब्लॅक फेमिनिझम* (१९९८) या ग्रंथात या मताचे खंडन करून हॉलिडेच्या स्वतंत्र कलात्मक व राजकीय जाणिवेवर भर दिला आहे. हॉलिडेच्या वडिलांचा १९३७ मध्ये टेक्सस राज्यात न्यूमोनियाने मृत्यू झाला. वर्णभेदामुळे त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असे ती सांगे व हे गीत गाताना त्यांचे स्मरण होते, असे तिने आत्मचरित्रात म्हटले आहे. शब्द व स्वर मीरोपोलचे, परंतु आज जगाला माहीत असलेला त्यांचा अर्थ हॉलिडेच्या कंठातून सिद्ध झाला, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

समीक्षकांतील मतभेद : गीताविषयी आरंभापासूनच टोकाची मते व्यक्त झाली. *टाइम* साप्ताहिकाने १९३९ मध्ये त्याची संभावना कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचा सांगीतिक प्रचार अशा उपहासाच्या सुरात केली. त्याच साप्ताहिकाने १९९९ च्या अखेरीस त्याला शतकातील सर्वश्रेष्ठ गीत म्हणून गौरविले. *न्यूयॉर्क पोस्ट* मधील स्तंभलेखक सॅम्युएल ग्रॅफ्टन याने दक्षिणेतील पीडितांचा संताप कधी उसळलाच, तर त्याला आपले ‘मार्सेयेज’ आता मिळाले आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. गुणग्राहक असली, तरी ही तुलना चपखल नाही. फ्रान्सचे ते क्रांतिगीत पावलांना ताल देते. प्रस्तुत गीत चालत्याला जागीच थांबविते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत १९६० नंतर मोर्चांतून व तुरुंगांतून जी गीते घुमली, त्यांत ‘वुई शॅल ओव्हरकम’ प्रमुख होते; ‘स्ट्रेंज फ्रूट’ नव्हते. समूहाने हातात हात घालून म्हणावे, असे ते गीतच नाही. ते एकट्याने गावयाचे व निःशब्दपणे ऐकावयाचे गीत आहे.

जाझचा जाणकार व हॉलिडेच्या गुणांचा पहिला पारखी जॉन हॅमंड याच्या मते या गीताने तिच्या कलेची हानीच झाली. ती सहजता सोडून गंभीर भूमिकेच्या जाणिवेने गाऊ लागली. लेनर्ड फेदर याने उलटपक्षी वंशवादाविरुद्धचा शब्द व संगीत यांतील पहिला उघड हुंकार म्हणून त्याचे महत्त्व सांगितले. हॅमंडच्या मतात तथ्यांश आहे. हॉलिडेची खरी प्रतिभा सामान्य प्रेमगीतांना अनपेक्षित वळण देण्यात होती आणि या गीतात तिला तेवढी मोकळीक नव्हती. परंतु कलावंताने आपल्या हातखंड्याबाहेर जाऊ नये, हा निकष मान्य केल्यास निषेधाची कला जन्मालाच येणार नाही.

याहून गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. मद्यपान करणाऱ्या, बहुतांशी गोऱ्या व सुखवस्तू श्रोत्यांपुढे मृतांच्या विटंबनेचे वर्णन गाणे म्हणजे दुःखाचे प्रदर्शन नव्हे काय? माणसाला फळ म्हणणे म्हणजे त्याचे माणूसपण पुन्हा हिरावणे नव्हे काय? झुंडहत्या हा मुळातच प्रेक्षकांसाठी मांडलेला देखावा असल्याने हे प्रश्न टाळता येत नाहीत. त्यांचे उत्तर दृष्टीच्या दिशेत शोधावे लागते. बाइटलरच्या छायाचित्रात मृतांखाली उभा असलेला जमाव विजयाने आपल्याकडे पाहतो; पाहणाऱ्याने त्यात सामील व्हावे, अशी त्याची अपेक्षा आहे. गीताने तो जमाव चौकटीतून काढून टाकला. आता झाडाखालच्या रिकाम्या जागेत श्रोता एकटा उभा राहतो आणि मृताचे डोळे व तोंड तेवढे त्याच्यासमोर येतात. फळाच्या रूपकात हे डोळे व हे तोंड बसत नाहीत. तेथे रूपक मोडते व माणूस दिसतो. सोहळ्याचे चित्र अशा प्रकारे साक्षीपुरावा बनते. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून विद्रूप झालेला देह सर्वांना पाहू दिला. त्या कृतीमागेही हेच तत्त्व होते. तथापि दर वेळी, दर श्रोत्याच्या बाबतीत असे परिवर्तन घडेलच, असे नाही. जोसेफसनने घातलेल्या कडक नियमांची गरज यावरूनच स्पष्ट होते.

प्रभाव : गीताच्या राजकीय परिणामाविषयी अतिशयोक्ती टाळावयास हवी. १९३९ पर्यंत झुंडहत्यांची वार्षिक संख्या आधीच बरीच घटली होती. ती गीतामुळे घटली, असे म्हणता येत नाही. झुंडहत्येला संघराज्याचा गुन्हा ठरविणारे विधेयक सीनेटमध्ये १९३८ च्या प्रारंभी दक्षिणेतील सदस्यांच्या प्रदीर्घ भाषणांमुळे बारगळले होते. पुढे अशा कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी या ध्वनिमुद्रिकेच्या प्रती सीनेट सदस्यांना पाठविण्याचे आवाहन केले. परंतु कायदा झाला नाही. अशी सुमारे २०० विधेयके अयशस्वी झाल्यावर सीनेटने २००५ मध्ये या निष्क्रियतेबद्दल ठरावाद्वारे क्षमा मागितली आणि एमेट टिलच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २९ मार्च २०२२ रोजी, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर जवळजवळ ८३ वर्षांनी, अमलात आला.

गीताची किंमत त्याच्या कर्त्यांना मोजावी लागली. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने शिक्षकांतील साम्यवाद्यांचा शोध घेण्यासाठी १९४०–४२ या काळात नेमलेल्या समितीने मीरोपोलची साक्ष घेतली. हे गीत लिहिण्यासाठी साम्यवादी पक्षाने पैसे दिले होते काय, असे त्याला विचारण्यात आले. वर्णद्वेषाविरुद्ध एखादा गोरा माणूस विनामूल्य लिहू शकेल, हे प्रश्नकर्त्यांना पटत नव्हते. पुढे हेरगिरीच्या आरोपावरून १९५३ मध्ये देहान्त शासन झालेल्या रोझेनबर्ग दांपत्याच्या दोन अनाथ मुलांना मीरोपोल पतिपत्नींनी दत्तक घेतले. अमेरिकेच्या सर्वसमावेशकतेचे गुणगान करणारे ‘द हाउस आय लिव्ह इन’ हे गीतही मीरोपोलचेच. फ्रँक सिनाट्राच्या १९४५ मधील लघुपटात त्यातील गोऱ्या-काळ्या शेजाऱ्यांचा उल्लेख गाळण्यात आला, तेव्हा तो संतापला होता. या दोन गीतांत विसंगती नाही. एकात देशाने दिलेले वचन आहे व दुसऱ्यात त्याचा भंग. हॉलिडेला १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणी कारावास घडला व न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांत गाण्याचा तिचा परवाना रद्द झाला. या गीतामुळेच अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांनी तिचा पिच्छा पुरविला, असे अलीकडील काही पुस्तकांत व चित्रपटांत सांगितले जाते. त्याला निर्णायक पुरावा मात्र उपलब्ध नाही.

कलेच्या क्षेत्रातील प्रभाव अधिक स्पष्ट आहे. लोकप्रिय संगीताच्या बाजारपेठेत वंशहत्येसारखा विषय थेट आणता येतो, हे या गीताने प्रथम सिद्ध केले. जॉश व्हाइट या दक्षिणेत जन्मलेल्या गायकाने १९४०–५० या दशकात ते गिटारच्या साथीने प्रचारात आणले. लिलियन स्मिथ या दक्षिणेतील गोऱ्या लेखिकेने कृष्णवर्णीय तरुणी व गोरा तरुण यांच्या प्रेमाविषयीच्या आपल्या कादंबरीला (१९४४) *स्ट्रेंज फ्रूट* हेच नाव दिले. नीना सिमोन हिने *पॅस्टेल ब्लूज* (१९६५) या ध्वनिमुद्रिकेत केवळ पियानोच्या आधारे ते गायिले. हॉलिडेच्या गायनात दाबून धरलेला हुंदका आहे; सिमोनच्या गायनात तो आक्रोश होऊन बाहेर पडतो. या दोन आविष्कारांमधील अंतर हे कृष्णवर्णीय समाजाने पाव शतकात केलेल्या वाटचालीचेही अंतर होय. सिमोनच्या ध्वनिमुद्रणाचा अंश कान्ये वेस्ट या रॅप गायकाने २०१३ मध्ये विफल प्रेमसंबंधाविषयीच्या एका गाण्यात वापरला व त्यावरून वाद झाला. एखाद्या रचनेला स्मारकाचे पावित्र्य प्राप्त झाले, की तिच्या प्रत्येक पुनर्वापराची अशी झडती घेतली जाते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हॉलिडेच्या ध्वनिमुद्रिकेचा २००२ मध्ये समावेश केला.

मूल्यमापन : निषेधगीतांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारातील गीते अन्यायाविरुद्ध एकत्र आलेल्यांना बळ देतात. त्यांची परीक्षा ती किती जण एकत्र म्हणतात यावरून होते. दुसऱ्या प्रकारातील गीते ज्यांनी अन्यायाकडे पाठ फिरविली आहे, त्यांना वळून पाहावयास लावतात. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे दुसऱ्या प्रकाराचे श्रेष्ठ उदाहरण होय. अशा गीताची मर्यादा उघड आहे. पाहिल्यानंतर काय करावयाचे, हे ते सांगत नाही. श्रोता अस्वस्थ होऊन घरी जातो व ती अस्वस्थता विरूनही जाऊ शकते. त्यासाठी संघटना, कायदा व प्रत्यक्ष लढा यांची जोड लागते आणि ती जोड देणे हे गीताचे काम नव्हे. परंतु ज्या काळात वृत्तपत्रे, न्यायालये व विधिमंडळे यांनी डोळे मिटून घेतले होते, त्या काळात या बारा ओळींनी मृतांची साक्ष नोंदवून ठेवली. मराठी वाचकाच्या दृष्टीनेही या गीताचे मोल केवळ परदेशी इतिहासातील एक घटना म्हणून नाही. अत्याचाराचे वर्णन करताना विशेषणे व घोषणा यांचा आश्रय न घेता, अत्याचारी समाजाच्याच आवडत्या प्रतिमा त्याच्यापुढे आरशासारख्या कशा धराव्यात, याचा तो एक अभ्यासनीय नमुना आहे.